तोलीनची आई

१

सकाळी तोलीनला नर्सरीच्या फाटकात सोडून आले की माझा दिवस सुरू व्हायचा. गॅसचा सोबा, म्हणजे खोली ऊबदार ठेवणारी शेगडी, पेटवायचा, मरमियाची सुगंधी पानं घालून चहा ठेवायचा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचं. चौथा मजला, उत्तरेची खिडकी, आणि हिवाळ्यात अम्मानमधल्या सगळ्या घरांसारखंच गारठलेलं घर. नवरा, कुसई, कुवेतला. तो ईदला येणार. आई इर्बिदला, तिचे गुडघे चार जिने चढू देत नाहीत. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी चार वर्षांची पोर, आणि आमचं छान चाललं होतं.

माझं काम म्हणजे दार राखणं. खरंखुरं दार नाही, 'अतबा', म्हणजे उंबरठा, नावाच्या अॅपचं. शहरातल्या बऱ्याच नर्सऱ्या ते वापरतात. कोण आत येतंय, तो स्वतःला जो म्हणवतो तोच आहे का, आणि आत आल्यावर त्याला काय काय करू द्यायचं, एवढं मी बघायचं. पासवर्ड, फोनवर येणारा कोड, आणि त्यातलं काही अडलं तर एक घरगुती प्रश्न, ज्याचं उत्तर त्या माणसालाच ठाऊक असेल. त्यापुढे हक्क. आईला सगळे हक्क. बापाला जवळपास तेवढेच. त्याखाली 'नेणारे', म्हणजे आजी, मावशी, टॅक्सीवाला. आईने हो म्हटलं तरच पोर त्यांच्या हाती मिळते. सगळ्यात खाली 'बघणारे'. त्यांनी नुसतं बघायचं.

आमच्या अॅपमध्ये आयांचे फोटो नाहीत. नावंही नाहीत. सुरुवातीला ठेवली होती, तर अर्ध्या आयांनी फोटो द्यायला नकार दिला आणि बापांनी फोन करून आमची पळता भुई थोडी केली. आमच्या बायकांची नावं तुमच्या दारवानाच्या स्क्रीनवर कशाला, म्हणे. आमचा साहेब मुअतसिम शेवटी कंटाळून म्हणाला, "काढून टाक गं ती नावं. तुला तरी कोण अरीज म्हणतं? सगळी गल्ली तोलीनची आई म्हणते. तेच लिही." मला हसू आलं, आणि पटलंही. तेव्हापासून अॅपमध्ये सगळ्या बायका कुणाची तरी आई आहेत. मीसुद्धा.

नर्सरीच्या फाटकावर अबू शादी बसतो. समोर स्क्रीन असते, तिच्यावर हिरवी खूण येते, पण त्याचा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. तो म्हणतो, "पोरीला हाक मारा." आमच्याकडे आई लेकराला हाक मारताना 'आई' असंच म्हणते, बाप 'बाबा' म्हणतो, मावशी 'मावशी' म्हणते. "ये गं आई" म्हटलं की ती माझी मुलगी, हे पलीकडच्या दुकानदारालाही कळतं. मी हाक मारायची, तोलीन धावत यायची, अबू शादी कडी काढायचा. माझी सगळी मेहनत, सगळे कोड आणि कुलपं त्याच्या त्या कडीपुढे फिकी. मी त्याला चिडवायची, तो मला चिडवायचा.

त्या दिवशी सकाळी निघताना घाई झाली. तोलीनचं लाल जाकीट दिवाणखान्यातल्या खुंटीवरच राहिलं. ऊन होतं, म्हणून मी परत चार जिने चढले नाही. घरी येऊन चहा ओतला आणि सवयीने कामाआधी माझं 'तोलीनची आई' हे खातं उघडलं, पोरीने झअतरचा मसाला लावलेली भाकरी खाल्ली का ते बघायला.

कोपऱ्यात हिरवा ठिपका होता. 'हे खातं आणखी एका ठिकाणी उघडं आहे.'

२

अशा वेळी घाबरून फोन करणाऱ्या आयांना मी रोज समजावते. अहो, तुमच्याच फोनवर उघडं राहिलं असेल. नवऱ्याच्या टॅबवर असेल. म्हणून मीही आधी तेच केलं. फोन बघितला, लॉक करून चार्जिंगला लावलेला. कुसईचा जुना टॅब कपाटात, मेलेला. मग त्या दुसऱ्या ठिकाणाची माहिती उघडली. लिहिलं होतं, 'हेच घर.' म्हणजे जो कुणी होता तो माझ्याच वायफायवर होता.

शेजारची पोरं असतील, असं मी स्वतःला सांगितलं. वायफाय चोरणं हा तर इथला राष्ट्रीय खेळ. मी त्या ठिकाणाला बाहेर काढलं आणि पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड मनातल्या मनात रचला, कुठे लिहिला नाही, ओठही हलवले नाहीत. माझ्या धंद्यातल्या बाईला एवढी अक्कल असते.

चहाचा दुसरा घोट घेत होते तेवढ्यात फोन वाजला. अतबाचा कोड आला होता. मी मागितलाच नव्हता. आणि मी बघत असताना लॅपटॉपवरचं पान पांढरं झालं. मला बाहेर काढलं होतं. 'कृपया पुन्हा आत या.'

मी परत आत गेले. हिरवा ठिपका होताच. नवा पासवर्ड टाकून कुणीतरी आत आलं होतं, माझ्याच घरातून, आणि मला बाहेर ढकलून माझ्या जागी बसलं होतं.

मी मुअतसिमला फोन लावला.

"वल्लाह, अरीज, सकाळी सकाळी?" तो तोंडात काहीतरी चावत होता. "बोल."

"माझ्या 'तोलीनची आई' खात्यात कुणीतरी घुसलंय. पासवर्ड बदलला तरी घुसतंय."

"कुठून?"

"माझ्याच घरातून."

तो हसायला लागला. "मग तूच घुसतेयस. झोपेत टाइप करतेस का? कुसई नसला की बायका काय काय करतात!"

"मुअतसिम, थट्टा नको. तोलीनचं खातं आहे."

"बरं, बरं. मी बघतो." तो बघेपर्यंत खालून गॅसच्या टाक्या विकणाऱ्या गाडीची धून आली, ती रोजचीच, मुलांच्या खेळण्यातून निघावी तशी किणकिणणारी. ती गल्लीच्या टोकाला जाऊन विरली तेव्हा तो परत बोलला. "अगं, सगळं बरोबर दिसतंय. तुझ्याच फोनचा कोड टाकलाय, पहिल्या फटक्यात. एकही चूक नाही. चूक उलट तुझीच आहे, आत्ता आत येताना पासवर्ड दोनदा चुकवलास. इथं बसून मी तर म्हणेन, ती दुसरी खरी."

तो परत हसला. मला हसू आलं नाही. दोनदा चुकला होता, हे खरं होतं. बोटं गारठली होती, मी म्हटलं. सोब्याजवळ धरली. माझ्या राखाडी स्वेटरची उजवी बाही मागच्या हिवाळ्यात याच सोब्याने करपली होती, तिचा तपकिरी डाग बघत मी बराच वेळ तशीच बसले.

३

मग मी शहाणपणा केला. खात्याला शेवटचं कुलूप घालायचं ठरवलं: घरगुती प्रश्न. पासवर्ड चोरता येतो, कोड चोरता येतो, पण लहानपण कोण चोरणार? असं मीच एकदा नर्सरीच्या बायकांना सांगितलं होतं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

ते कुलूप लावायला आधी ठेवलेलं उत्तर द्यावं लागतं. माझा प्रश्न होता, 'लहानपणी आई तुम्हाला काय म्हणायची?'

मी 'फुल्ले' लिहिलं. मोगऱ्याची कळी. इर्बिदच्या अंगणात मोगरा होता आणि आई मला फुल्ले म्हणायची.

'उत्तर चुकलं.'

मी पुन्हा लिहिलं. पुन्हा चुकलं. आता मात्र राग आला. ते उत्तर मला काढून बघता येत नाही; तसं कुणालाच येऊ नये म्हणून मीच ते बांधलंय. मी आईला फोन लावला.

"बोल गं आई," ती म्हणाली. तिचा रेडिओ चालू होता.

"आई, लहानपणी तू मला काय म्हणायचीस?"

पलीकडे रेडिओचा आवाज कमी झाला. "बत्ता म्हणायचे. बदकासारखी चालायचीस म्हणून. सांगितलं ना तुला."

"कधी सांगितलंस? मला वाटतं फुल्ले."

"फुल्ले ती शेजारची, उम्म जिहादची धाकटी. तू बत्ता. अरीज, तुला बरं वाटतंय ना? आत्ताच तर विचारलंस हे. मघाशी फोन केलास तेव्हा. आणि किती रडत होतीस गं. मी कधीची फोन लावतेय, तू उचलत नाहीस."

"मी नव्हते केला, आई."

"तुझा आवाज मला कळत नाही का?"

तिला काय सांगणार? काही नाही, कामाचा ताण आहे, असं म्हणून मी ठेवून दिला. 'बत्ता' लिहिलं. दार उघडलं. माझ्याच आईचा शब्द, आणि तो मला दुसऱ्या कुणाच्या तरी मागून मिळाला होता. खिडकीबाहेरचं ऊन गेलं होतं. पश्चिमेकडून ढग चढून आले होते आणि सोबा असूनही पाय बधिर झाले होते.

४

आत गेले तर पान ओळखीचं नव्हतं.

म्हणजे होतं तेच, पण बटणं कमी झाली होती. 'औषध सांगा' नाही. 'कोणी न्यायचं ते ठरवा' नाही. वर, जिथे 'तोलीनची आई' असायचं, तिथे 'नेणारी' असं लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात: 'तोलीनच्या आईच्या परवानगीने.'

कुणीतरी माझा दर्जा उतरवला होता. पोर घरी न्यायला आता मला परवानगी लागणार होती, आणि ती देणारी तोलीनची आई होती.

एवढं झाल्यावर कामाच्या खात्यातून ते परत फिरवणं माझ्या डाव्या हातचा मळ. मी दुरुस्त केलं. 'तोलीनची आई.' जतन केलं. पान ताजं केलं. 'नेणारी.' पुन्हा केलं. पुन्हा 'नेणारी.' आमच्याकडे हक्क बदलायचे तर दुसऱ्या कुणाला तरी हो म्हणावं लागतं. मी मुअतसिमला फोन लावला.

"तू कशाला हो म्हणालास?"

"तूच सांगितलंस ते." त्याचा आवाज आता थट्टेचा नव्हता, कामाचा होता. "फोन करून म्हणालीस ना, कुणीतरी बाई आई म्हणून घुसतेय, तिला खाली उतरव, पण एकदम हाकलू नकोस, बिचारी आहे."

"कोण बिचारी?"

"ते तू म्हणालीस. मला काय माहीत?" तो काहीतरी टाइप करू लागला. "आपण कोण बोलताय, एक मिनिट?"

त्याने मला 'आपण' म्हटलं. चार वर्षं एका टेबलावर बसून फलाफल खाल्लेला माणूस. मी फोन ठेवला. मला एकाच गोष्टीची भीती वाटत होती. बघता बघता दुपार झाली होती, नर्सरी सुटायची वेळ होत आली होती. जी कुणी माझ्या खात्यात बसली होती तिला माझ्या ईमेलमध्ये, पगारात, कशातच रस नव्हता. तिला तोलीन हवी होती.

नर्सरीचं पान अजून दिसत होतं. नेणाऱ्यांना तेवढं दिसतं. त्यावर नवा निरोप आला होता. आया निघताना आवाजाचा निरोप पाठवतात, मिस तो वर्गात वाजवते, आणि पोरं जोडे घालायला लागतात. हा तोलीनच्या आईने पाठवला होता. मघाशी, मी मुअतसिमशी पहिल्यांदा बोलत होते त्या वेळचा.

मी तो लावला.

"निघते गं आई. गार वारा सुटलाय, तुझं जाकीट राहिलं ना, ते घेऊन येते."

माझाच आवाज. तोंडात जरा चहा असल्यावर होतो तसा. त्याच्यामागे गॅसच्या गाडीची धून, गल्लीच्या टोकाला विरत जाणारी. आणि तिच्यामागे एक कुरकुर, लांब, दोन तुकड्यांत. ती मी झोपेतही ओळखेन. आमच्या दिवाणखान्याच्या दाराची.

म्हणजे मी इथे टेबलाशी बसून मुअतसिमवर डाफरत होते तेव्हा ती भिंतीपलीकडे उभी होती.

मी उठले. माझी बुद्धी अजून शाबूत होती. ती म्हणत होती, रेकॉर्ड केलेला आवाज आहे, आजकाल काय वाटेल ते करता येतं, कुणीतरी मुद्दाम छळतंय. ती हे म्हणत असताना मी दिवाणखान्याचं दार ढकललं. कुरकुर, दोन तुकड्यांत. खोलीत कुणी नव्हतं. दिवाणावर उशी होती तशी. बाहेरचं दार बंद, आतून साखळी लावलेली, सकाळी मी लावली होती तशीच.

खुंटी रिकामी होती.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते, कारण तेच मला अजून सोसत नाही. मला वाटलं, बरं झालं, पोरीला थंडी वाजणार नाही.

५

टॅक्सीवाला बोलका होता. मी त्याला गप्प बसायला सांगितलं, मग माफी मागितली. रस्ता तुंबलेला होता, पावसाचे थेंब काचेवर येत होते. मी हातात ओळखपत्र घट्ट धरून ठेवलं होतं. त्यावर माझा फोटो होता, माझं पूर्ण नाव होतं, सरकारी शिक्का होता. अॅप गेलं खड्ड्यात. शेवटी माणूस माणसाला ओळखतो.

फाटकाशी अबू शादी छत्री धरून उभा होता. मला बघून त्याने मान लववली, अनोळखी बाईसमोर लववतात तशी, डोळे खाली घालून.

"बोला ताई. कुणाच्या तुम्ही?"

"अबू शादी, डोकं फिरवू नका माझं. तोलीनला बोलवा."

"तोलीनची आई आत आहेत, ताई. मिसशी बोलतायत. येतीलच."

"तोलीनची आई मी आहे!"

त्याने वर बघितलं. त्या नजरेत कसलाही संशय नव्हता, तोच तर घात होता. दया होती. त्याने स्क्रीनकडे बघितलं. तिथे हिरवी खूण होती, आणि तिच्यासमोर 'तोलीनची आई. आत.' मी ओळखपत्र त्याच्या नाकासमोर धरलं. तो ते दूर धरून, चष्मा वर करून, एकेक अक्षर लावत वाचत राहिला.

"अरीज," तो म्हणाला. "नाव छान आहे. पण इथं कुणी अरीज नाही, ताई. या यंत्रात नावंच नाहीत."

हे मला ठाऊक होतं. माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"रोज भेटता मला! सकाळी नाही का भेटलात? रोज मला चिडवता!"

"देवाची शपथ, ताई, तुम्हाला बघितल्यासारखं वाटतंय," तो खरोखर आठवत म्हणाला. "पण कुठं ते लागत नाही." मग त्याचा चेहरा उजळला. "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? पोरीला हाक मारा. पोर आली धावत की मी कडी काढतो. मग यंत्र काही का म्हणेना."

मी त्याचे हात धरायचे बाकी ठेवले. देव त्याचं भलं करो, हा एक माणूस होता ज्याने माझ्या कुलपांवर कधी विश्वास ठेवला नाही. मी फाटकाच्या गजांना धरलं आणि आत बघितलं.

अंगण ओलं होतं. पलीकडे पडवीत खांबाशी तोलीन उभी होती. लाल जाकीट, गळ्यापर्यंत चेन ओढलेली, टोपी नीट बांधलेली. मी कधीच इतकी नीट बांधत नाही. तिचा एक हात वर होता आणि खांबामागच्या कुणाच्या तरी हातात होता. खांबामुळे ते माणूस दिसत नव्हतं. दिसत होती फक्त बाही. राखाडी. मनगटाशी करपल्याचा तपकिरी डाग.

मी माझी बाही बघितली नाही. बघायची हिंमत झाली नाही.

तोलीनने मान वळवली. तिने मला बघितलं. मला वाटलं, तिच्या ओठांवर काहीतरी आलं. एवढंच हवं होतं, मी हाक मारायची आणि तिने यायचं. ती माझी आहे हे सांगायला मला कोड लागत नव्हता. मी छातीभर श्वास घेतला आणि सगळा जीव त्या एका हाकेत घातला.

"ये गं मावशी!"

आवाज अंगणभर गेला. मी तोंडावर हात मारला, पुन्हा बोलायला गेले, दात दाबून, जीभ वळवून. "मावशी, ये गं! मावशी!"

मला बहीण नाही. तो शब्द मी जन्मात कुठल्या पोराला म्हटला नव्हता.

अबू शादीचा जीव भांड्यात पडला. "मावशी होय! मग आधी सांगायचं ना, ताई. मी म्हटलं काय झालं." आणि त्याने मागे वळून आवाज दिला, "तोलीन, मावशी आलीये बघ तुझी!"

तोलीनने नम्रपणे हात हलवला. अनोळखी पाहुण्यांसमोर हलवायला मी तिला शिकवला होता तसाच.

६

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. पोलिसचौकीतला तरुण अधिकारी भला होता. त्याने मला पाणी दिलं, दोन ठिकाणी फोन लावले आणि म्हणाला, "मुलगी तिच्या आईजवळ आहे, ताई. मी तक्रार काय लिहू?" कुसईला फोन लावला तर तो घाईत होता. "अरीज दुसऱ्या फोनवर आहे," तो म्हणाला, "तुम्ही कोण बोलताय?" ज्या आवाजात तो माझ्याशी बोलायचा त्याच आवाजात तो दुसऱ्या फोनवर "आलो गं" म्हणाला. मी ठेवून दिला.

आईला मात्र फोन केला नाही. तिनेही विचारलं असतं, कोण बोलतंय, तर माझ्याजवळ काय उरलं असतं? इर्बिदला जाणारी बस रोज माझ्या डोळ्यांसमोरून निघते. मी चढत नाही.

शहरातल्याच जबल हुसैन भागात मी एक खोली घेतली आहे. माझं अॅपमधलं खातं अजून आहे. आता मी 'बघणारी' आहे. तोलीनचे फोटो दिसतात, तिने काय खाल्लं ते दिसतं. दाबायला एकही बटण नाही. फोटोसमोर बसून मी हाक मारायचा सराव करते. खोलीत कुणी नसतं, तरी 'मावशी'च निघतं.

खोलीतलं नेट नीट चालत नाही, असं कारण काढून मी कधी कधी जुन्या घरी जाते. आत जात नाही. चौथ्या मजल्यापर्यंत जाते आणि दाराबाहेर शेवटच्या पायरीवर बसते. तिथे घराचं वायफाय येतं. पासवर्ड मी ठेवलेलाच आहे. किल्लीही माझ्याकडे आहे. दाराआड सोब्याची फुसफुस ऐकू येते, चहाचा कप टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो, आणि कुणीतरी भराभर टाइप करत असतं. माझ्यासारखंच, मधेच थांबून, एक बोट जोरात मारत.

आज सकाळी मी तिथेच बसले होते. ऊन होतं, पण जिन्याच्या खिडकीतून पश्चिमेला ढग दिसत होते. नर्सरीने नवा फोटो टाकला. अंगणात पोरं. तोलीन कडेला, खांदे आवळून, पातळ निळ्या फ्रॉकमध्ये. अंगावर जाकीट नाही.

विसरली. ती बया जाकीट विसरली.

"थांब गं आई," मी म्हणाले, "मी आणते."

मग मला कळलं की मी काय म्हणाले. मी ते पुन्हा म्हटलं, हळू, तोंडावर हात धरून. गं आई. गं आई. शब्द परत आला होता. दाराआड टाइप करणं चालूच होतं, तिला काही कळलं नव्हतं.

फोनवर मी आईच्या खात्याचं दार उघडलं. ती कसला पासवर्ड ठेवेल ते मला माहीत असणारच. मी डोळे मिटले आणि बोटांना चालू दिलं. कोडही आला, माझ्याच फोनवर. राहिला घरगुती प्रश्न. 'लहानपणी आई तुम्हाला काय म्हणायची?'

उत्तर मला माहीत होतं. आईने सांगितलं होतं, रेडिओ बारीक करून. कसल्यातरी चालण्यावरून होतं. मी स्क्रीनवर बोट धरून बसले, आणि तिथे काहीच नव्हतं, फक्त मोगऱ्याची कळी, आणि ती माझी नव्हती. जसजशी शोधत गेले तसतसं इर्बिदचं अंगणही पुसट होत गेलं. मला रडू फुटलं. आवाज होऊ नये म्हणून मी बाही तोंडात कोंबली, करपलेली.

तोलीन थंडीत उभी होती. दुसरा रस्ताच नव्हता. मी इर्बिदचा नंबर लावला आणि डोळे मिटून घेतले. पलीकडे घंटी वाजत राहिली. मग रेडिओचा आवाज आला.

"बोल गं आई," ती म्हणाली.

ती मला ओळखत होती. क्षणभर मला दुसरं काही नकोच होतं. मग मी नाक पुसलं, दाराआडच्या बाईला ऐकू जाणार नाही एवढा आवाज खाली आणला आणि विचारलं, "आई, लहानपणी तू मला काय म्हणायचीस?"